माशांच्या पेटीचे झाकण

विद्यार्थी मित्रांनो, काचेच्या पेटीत पोहणारे मासे तुम्ही नक्कीच पाहिले असतील. कोणाच्या घरी बैठकीच्या खोलीत, कोठे दवाखान्यातील बाकासमोर, तर कोठे उपाहारगृहाच्या गल्ल्याशेजारी अशी एखादी पेटी असतेच. तिच्यासमोर उभे राहिलो की आपण मासे पाहतो, हिरव्या वनस्पती पाहतो, तळाच्या खड्यांतून वर येणारे बुडबुडे पाहतो. पेटीच्या डोक्यावर एक झाकण असते. त्या झाकणात दिवा असतो आणि तेथून निघालेली वायर भिंतीवरच्या बोर्डाकडे जाते. याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आज मला तुमच्याशी त्या झाकणाविषयीच बोलायचे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाणी, उष्णता आणि वीज ही तिन्ही एकमेकांपासून जेमतेम वीतभर अंतरावर जेथे दिवसाचे सात-आठ तास एकत्र असतात, अशी ही जागा आहे. तिला आपण शोभेची वस्तू समजतो, ही चूक आहे. झाकण हे एक लहानसे यंत्र आहे. ते बसवताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाईल? आणि पाणी कोणत्या वाटेने विजेपर्यंत पोचेल? पहिली वाट मोकळी ठेवायची, दुसरी बंद करायची. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण बहुधा ज्या फटीतून उष्णता बाहेर जाते, त्याच फटीतून वाफ आणि शिंतोडेही येतात. खरी अडचण तेथेच आहे.

मे महिन्यातील एक दुपार

ही माझ्याच घरची गोष्ट आहे आणि चूकही माझीच आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतील आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी आहे. तिच्यावर जुने लाकडी झाकण होते. त्याच्या फटींतून झुरळे आत शिरतात म्हणून मी एकदा त्या साऱ्या फटी स्पंजच्या पट्ट्या लावून बुजवून टाकल्या. वरून सनमायकाही चिकटवला. झाकण अगदी देखणे दिसू लागले.

मे महिन्यातल्या एका दुपारी माझी नववीतील पुतणी म्हणाली, "काका, मासं वर येऊन तोंड उघडाय लागल्यात." मी म्हटले, "भूक लागली असेल." तिला ते पटले नाही. तिने आधी प्लग काढला, हात कोरडे केले आणि शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला तापमापक एकदा पाण्यात व एकदा झाकणाखालच्या हवेत धरला. खोलीत ३४ अंश सेल्सिअस, पाण्यात ३३ अंश आणि झाकणाखाली ४४ अंश! तिने काहीही न बोलता झाकणाच्या दोन टोकांखाली लाकडाच्या दोन चिपा सरकवल्या. दोन दिवसांनी खोली तेवढीच तापलेली होती. पाणी मात्र ३० अंशांवर आले होते आणि मासे पुन्हा तळाशी फिरू लागले होते.

दिवा तोच, खोली तीच, मासेही तेच. बदलली ती फक्त बोटभर फट. असे का झाले, याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडू शकाल. त्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उष्णतेचा जमाखर्च

आमच्या पेटीत सुमारे ५० लीटर पाणी मावते. एक लीटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणजे ५० लीटरना २,१०,००० ज्यूल. झाकणात २० वॅटचे दिवे आहेत, म्हणजे ते सेकंदाला २० ज्यूल ऊर्जा देतात. ही सारी ऊर्जा पाण्यात गेली आणि पाण्यातून काहीच बाहेर पडले नाही असे धरले, तर १ अंश तापायला १०,५०० सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन तास लागतील. आठ तासांत पाणी पावणेतीन अंशांनी तापेल. पेटी १० लीटरची असती तर तेवढ्याच दिव्याने १ अंश वाढायला फक्त ३५ मिनिटे लागली असती. लहान पेटीवर मोठा दिवा का लावू नये, याचे उत्तर येथे आहे.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहा. उन्हाळ्यात माठातले पाणी थंड का होते? माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आपल्यासोबत उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. माशांच्या पेटीतही हेच घडते. झाकणाला फट असेल तर आमच्या पेटीची पातळी दिवसाला सुमारे पाव सेंटीमीटरने उतरते. पेटीची लांबी ६० सेंटीमीटर व रुंदी ३० सेंटीमीटर असल्याने हे साधारण ४५० ग्रॅम पाणी झाले. त्यासोबत गेलेली उष्णता दिवसाच्या चोवीस तासांवर वाटली, तर ती साडेबारा वॅट भरते. उलट २० वॅटचा दिवा आठच तास जळतो. चोवीस तासांची त्याची सरासरी पावणेसात वॅटही भरत नाही.

या दोन आकड्यांकडे जरा नीट पाहा. दिव्याने जेवढी उष्णता दिली, तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता नेण्याची ताकद त्या बोटभर फटीत होती. मी दिव्याला दोष देत होतो. खरा दोष स्पंजच्या पट्ट्यांचा होता. मी उष्णतेची वाट बंद केली होती.

पाणी तापले तर माशांचे काय बिघडते? पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या एका लीटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना तो सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून हा आकडा आणखी सुमारे सहा टक्क्यांनी घटतो. दुसरीकडे मासा हा शीतरक्ती प्राणी. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते. म्हणजे घरात धान्य कमी आणि खाणारी तोंडे जास्त, अशी स्थिती होते. पृष्ठभागावरच्या पाण्याचा हवेशी थेट संबंध असल्याने तेथे थोडा अधिक प्राणवायू असतो. आमचे मासे त्यासाठीच वर येत होते, भुकेसाठी नव्हे.

'थंड' दिव्याचा गैरसमज

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुन्या दिव्यांचे झाले. एलईडी तर थंड असतो, त्याला फट कशाला हवी? हा गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडे थांबावेच लागेल.

जुन्या तारेच्या दिव्यात दिलेल्या विजेचा दहावा हिस्सादेखील प्रकाशात उतरत नसे. मग नळीदिवे आले. ते बरे होते, पण ४० वॅटच्या नळीबरोबर येणारा तांब्याच्या वेढ्यांचा चोक स्वतःच १२ ते १५ वॅट खात असे, आणि ती सारी उष्णता झाकणात साठत असे. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम एलईडी तयार झाल्यावर पांढरा एलईडी शक्य झाला. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीचा फायदा खरा आहे. तेवढाच प्रकाश मिळवायला त्याला पुष्कळ कमी वॅट लागतात.

पण वॅट कमी लागणे वेगळे आणि थंड असणे वेगळे. साध्या एलईडीतही ढोबळमानाने विजेचा तिसरा हिस्साच प्रकाश होतो. उरलेल्याची उष्णता होते. ती प्रकाशाबरोबर समोर येत नाही, दिव्याच्या पाठीकडे राहते. समोर हात धरला तर ऊब लागत नाही, म्हणून आपण त्याला थंड म्हणतो. शिवाय पाण्यात शिरलेला प्रकाश तरी शेवटी कोठे जातो? काही काचेतून बाहेर पडतो, अगदी थोडा वनस्पती अन्न तयार करण्यासाठी वापरतात. बाकीचा खडे, पाने व पाणी शोषून घेतात आणि त्याचीही उष्णताच होते. विजेच्या हिशेबात २० वॅट म्हणजे २० वॅट, दिवा कोणताही असो.

बाजारात एलईडीच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या थेट प्लॅस्टिकच्या झाकणाला चिकटवण्याची पद्धत पडली आहे. ॲल्युमिनिअम हे प्लॅस्टिकपेक्षा सुमारे हजारपट चांगले उष्णतावाहक आहे. प्लॅस्टिकवर चिकटवलेल्या एलईडीच्या पाठीची उष्णता जागच्या जागी कोंडते. दिवा मंद होत जातो, गोंद सुटतो आणि एके दिवशी पट्टी लोंबकळत पाण्यापर्यंत येते. तीच पट्टी ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर बसवली आणि त्या पट्टीच्या मागून हवा खेळती ठेवली, तर दिवा वर्षानुवर्षे टिकतो. एलईडीला वीज पुरवणाऱ्या अडॉप्टरची गोष्टही अशीच आहे. त्यातील काही धारित्रांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. म्हणून अडॉप्टरची जागा झाकणात नव्हे, झाकणाबाहेर कोरड्या ठिकाणी.

हवा खेळती ठेवणे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या मुलांना शिकवायला नको. गुऱ्हाळघर पाहिलेले मूल येथे विरळाच. चुलवाणावर काहील उकळत असते, वाफेचे लोट उठत असतात, तरीही तेथे माणसे काम करू शकतात. कारण बाजू उघड्या असतात आणि वर वाफेला जायला जागा असते. गार हवा खालून येते, तापलेली हवा वरून जाते. झाकणाला पुढच्या बाजूस खाली एक फट आणि मागच्या बाजूस वर दुसरी फट ठेवली, तर पंख्याशिवायही हेच साधते.

बारा व्होल्टची निर्धास्ती

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. "दिवा बारा व्होल्टचा आहे, काही होत नाही," असे पुष्कळजण म्हणतात. बारा व्होल्टने सहसा धक्का बसत नाही, हे खरे आहे. पण धक्का न बसणे आणि आग न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुन्हा हिशेब करू. २४ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर चालला तर सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह घेतो. तोच १२ व्होल्टवर चालला तर २ अँपिअर घेतो. जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडलेला नियम तुम्हाला आठवत असेल. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, एवढी उष्णता दर सेकंदाला निर्माण होते. आता त्या वायरला एक सैल जोड आहे, टोके नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि त्याचा रोध एक ओहम आहे असे समजा. २३० व्होल्टच्या वायरीत त्या जोडावर ०.०१ वॅट उष्णता निघेल. बारा व्होल्टच्या वायरीत निघेल ४ वॅट. सुमारे चारशेपट! हिशेब ढोबळ आहे, पण त्याची दिशा अचूक आहे. चार वॅट आकडा लहान वाटतो. परंतु ती उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या वेष्टनाखाली, तासन्‌तास निघत असते. त्याने तांबे काळवंडते, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. शेवटी वेष्टन मऊ पडते आणि करपते.

यातली खरी भीती अशी की, या प्रकारात बोर्डावरची कोणतीच संरक्षक कळ पडत नाही. एमसीबी किंवा फ्यूज प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच तो तोडतो. येथे प्रवाह तर नेहमीचाच आहे. अशा वेळी संकट ओळखणारे एकच साधन उरते, ते म्हणजे तुमचे लक्ष. दिवा अधूनमधून लुकलुकणे, प्लगवर तपकिरी डाग पडणे, करपल्यासारखा वास येणे या खुणा दिसल्या की प्रथम मेन स्विच बंद करा आणि मग घरातील मोठ्यांना सांगा.

म्हणून माझा आग्रह आहे की झाकणाच्या आत एकही जोड नसावा. वायर अखंड असावी. जोड लागलाच तर तो झाकणाबाहेर, स्क्रूने आवळलेल्या कनेक्टरमध्ये आणि परवानाधारक वायरमनच्या हातून व्हावा.

पाण्याची वाट

आता दुसरा प्रश्न. बुडबुडा पृष्ठभागावर फुटतो तेव्हा अगदी बारीक तुषार वर उडतात. दिवसभर वाफही वर जात असते आणि रात्री दिवा विझून झाकण गार झाले की तिचे थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला धरतात. हे थेंब वाफेपासून बनलेले असतात, म्हणजे एक प्रकारचे ऊर्ध्वपातित पाणीच. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. परंतु होल्डरवर धूळ असते आणि उडालेल्या तुषारांतून आलेले क्षार असतात. थेंबात ते विरघळले की पाणी वाहक बनते. जुन्या होल्डरच्या पितळेवर हिरवट पूड तुम्ही पाहिली असेल, ती याच ओलीची खूण होय. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत झाकणातील ओलही आपोआप वाळत नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे पाणी आणि दिवा यांच्यामध्ये काचेचे तावदान ठेवणे. प्रकाश जातो, शिंतोडे अडतात. पण ते पूर्ण पेटीभर घट्ट बसवले तर माझ्या स्पंजच्या पट्ट्यांचेच काम करील. बाष्पीभवन थांबेल आणि पाणी तापेल. तावदान काढूनच टाकले तर दिवा भिजेल, मासा बाहेर उडी मारेल आणि एखादी पाल आत पडेल. तेव्हा तावदान दिव्याच्या खाली असावे आणि मागच्या बाजूला दिव्यापासून दूर एक फट असावी; हवी तर तिच्यावर प्लॅस्टिकची जाळी लावावी. फट किती ठेवायची हे पुस्तकात सापडणार नाही. तुमच्या खोलीत, तुमच्या पेटीवर मोजूनच ते ठरेल.

पाण्याला आणखी एक वाट असते, ती म्हणजे वायर. झाकणातून निघालेली वायर उतरत थेट बोर्डात शिरत असेल, तर तिच्यावरून ओघळलेला थेंब सरळ सॉकेटमध्ये जातो. वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोळ द्या आणि मग वर नेऊन प्लग लावा. थेंब झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर पडेल, वर चढणार नाही. हे पटत नसेल तर सुतळीचा एक तुकडा घ्या. वीज नको, बोर्ड नको. एकदा सुतळी तिरकी ताणून धरा आणि वरच्या टोकावर पाणी सोडा. मग तिला झोळ देऊन तेच करा. या उपायाला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही तो केलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

'शॉर्टसर्किट' या शब्दाविषयी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली, पॅलेस थिएटर या नावाने उभी राहिलेली ती वास्तू. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. साऱ्या शहराला तो घरचा आघात वाटला. त्या रात्रीपासून एक शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता, तो म्हणजे शॉर्टसर्किट. त्या आगीचे कारण सांगणे हे तपास करणाऱ्यांचे काम; मी त्यात शिरणार नाही. पण हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्याविषयी मात्र बोलले पाहिजे.

शॉर्टसर्किट म्हणजे काय? वीज नेणारी तार आणि परतीची तार यांचा मधले उपकरण वगळून थेट संबंध येणे. रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि प्रवाह एकदम वाढतो. योग्य क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी असेल तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. पण दोन तारांमधले वेष्टन आपोआप का नाहीसे होईल? ते आधी तापलेले असते, करपलेले असते, भिजलेले असते किंवा उंदराने कुरतडलेले असते. शॉर्टसर्किट ही पुष्कळदा साखळीतली शेवटची कडी असते. आपण मात्र तिला पहिली समजतो आणि तेथेच चौकशी थांबवतो. जणू ती दैवाने आलेली आपत्ती होती, कोणाच्या दुर्लक्षाने नव्हे!

माशांच्या झाकणात ही साखळी लहान आकारात आणि डोळ्यांसमोर असते. कोंडलेली उष्णता, सैल जोड, साचलेली ओल आणि मग ठिणगी. म्हणून मला ते झाकण विज्ञान शिकवण्याच्या फार उपयोगाचे वाटते.

येथे माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. ओल्या अंगाचा रोध सुमारे हजार ओहमपर्यंत उतरतो असे धरतात. २३० व्होल्टला हजाराने भागले तर २३० मिलिअँपिअर येतात. छातीतून यापेक्षा कितीतरी कमी प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. बोर्डावरचा ६ अँपिअरचा एमसीबी मात्र ६,००० मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसतो. तो वायरीच्या रक्षणासाठी आहे, तुमच्या नव्हे. माणसासाठी आरसीसीबी नावाची वेगळी कळ असते. ती दुकानदारासारखा जमाखर्च पाहते. जेवढा प्रवाह गेला तेवढा परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की ती क्षणार्धात वीज तोडते. ज्या खोलीत माशांची पेटी आहे, तेथील जोडणीवर ही कळ असलीच पाहिजे आणि झाकण धातूचे असेल तर त्याला भूसंपर्कन असलेच पाहिजे. पेटीत हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, नुसते बटण बंद करायचे नाही, हा नियम तर घरातल्या लहानथोरांनी पाळायचा.

शाळांकडे एक मागणे

काहीजण म्हणतील, एवढ्याशा पेटीसाठी हा केवढा खटाटोप! त्यांना मी एवढेच विचारीन : ओहमचा नियम, जूलचा नियम, बाष्पीभवनाची उष्णता, वायूंची विद्राव्यता हे सारे आपण मुलांना शिकवतो ते कशासाठी? परीक्षेत उदाहरण सोडवणारा मुलगा घरी आल्यावर पिळलेल्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळत असेल, तर त्याने उदाहरण सोडवले पण नियम शिकला नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत माशांची पेटी असेल तर तिच्याशेजारी एक नोंदवही टांगा. मुलांनी रोज ठरावीक वेळी तीन तापमाने लिहावीत : खोलीचे, पाण्याचे आणि झाकणाखालच्या हवेचे. तापमापक पाऱ्याचा नको, अल्कोहोलचा घ्या. काचेवर पेन्सिलीची खूण करून पातळी किती उतरली तेही लिहावे. एक आठवडा फट अर्धा सेंटीमीटर, दुसऱ्या आठवड्यात दोन सेंटीमीटर, असे बदल करून आलेख काढावा. २३० व्होल्टच्या जोडणीला मुलांनी हात लावायचा नाही. ते काम वायरमनचे. मात्र वायरमन काम करीत असताना मुलांना पाहू द्या आणि प्रश्न विचारू द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आज घरी गेल्यावर प्रथम एवढे करा. पेटी असेल तर तिच्या वायरला झोळ आहे का ते पाहा. पेटी नसेल तर पाण्याच्या पंपाची, कूलरची किंवा देवघरातील माळेची वायर पाहा. जोड कोठे आहे, तो उघडा आहे का, प्लगवर डाग आहे का, हे हात न लावता नुसत्या नजरेने पाहा आणि वहीत लिहा. आमच्या पुतणीची वही अजून चालू आहे. गेल्या पावसाळ्यात तिने एक नवी नोंद केली : फट तीच असूनही पाणी दिवसाला पूर्वीच्या निम्म्यानेच उतरते. असे का होत असावे, याचे उत्तर मी तिला सांगितलेले नाही. तुम्हीही आधी विचार करून पाहा.